‘डेटा सेंटर रेडी’ गाळा घेताय? आधी लाईट बिलाचा हिशोब करा



शनिवारच्या व्हिडिओत हा विषय बारा मिनिटांत उरकला आणि हिशोब अर्धाच राहिला. उरलेला इथे लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, थोडे आकडे आहेत.

आपल्या बॅचमधले एक दादा आहेत. भाईंदर पूर्वेला गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करून देतात, वीस वर्षांचा धंदा. मागच्या महिन्यात क्लास संपल्यावर थांबले आणि पिशवीतून एक गुळगुळीत ब्रोशर काढलं. नवीन टॉवर, खाली दुकानं, दुकानांच्या मागे ‘मॉड्युलर डेटा सेंटर’. त्यातलं २५० फुटांचं युनिट ३५ लाखांना. वर्षाला ९ टक्के भाडं, ९ वर्षं, हमीनं. दादा म्हणाले, “सर, गाळा विकतो, थोडं घरावर लोन काढतो. टोकन देऊन टाकू का? पोरगा म्हणतो पुढचा जमाना याचाच आहे.”

पोरगा बरोबर बोलतोय. तरी मी दादांना म्हटलं, टोकन देऊ नका. का, ते सविस्तर सांगतो, कारण असं ब्रोशर उद्या तुमच्याही हातात येणार आहे.

डेटा सेंटर म्हणजे काय हे थोडक्यात. सर्व्हर ठेवायची लोखंडी कपाटं म्हणजे रॅक. त्यांना न थांबणारी वीज, सतत थंड हवा, आग लागली तर आपोआप विझवणारी यंत्रणा आणि बाहेरून येणारी फायबर. मॉड्युलर म्हणजे हे सगळं कारखान्यातून तयार होऊन येतं आणि जागेवर जोडलं जातं. कल्पना नवीन नाही. सन मायक्रोसिस्टम्स या अमेरिकन कंपनीने २००६ मध्येच वीस फुटी कंटेनरमध्ये बसवलेलं डेटा सेंटर दाखवलं होतं. आता तर एका फ्रीजएवढ्या कपाटात यूपीएस, एसी आणि सर्व्हर एकत्र मिळतात. बिल्डरला ते टॉवरमध्ये बसवावंसं वाटणं साहजिक आहे.

आणि बिल्डर डेटा सेंटर करतायत हेही खरं. हिरानंदानी ग्रुपने पनवेलच्या फॉर्च्यून सिटीमध्ये योट्टा नावाची वेगळी कंपनी काढून एनएम-१ ही इमारत उभी केली. जुलै २०२० मध्ये ती सुरू झाली. ८ लाख २० हजार चौरस फूट, ७,२०० रॅक, ५० मेगावॅट वीज. लोढांनी सप्टेंबर २०२५ मध्ये पलावातल्या डेटा सेंटर पार्कसाठी राज्य सरकारशी ३०,००० कोटींचा करार केला. हरियाणात अनंत राज या बिल्डरने मानेसरची बांधून तयार असलेली ऑफिसची इमारतच डेटा सेंटरमध्ये बदलली.

ब्रोकर तुम्हाला हीच नावं सांगेल. पण या तिघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे, ती तो सांगणार नाही. कोणीही डेटा सेंटरचे २५० फुटांचे तुकडे करून किरकोळ गुंतवणूकदाराला विकले नाहीत. फ्लॅट विकले, दुकानं विकली. डेटा सेंटर स्वतःकडे ठेवलं, नाहीतर अख्खी जमीन मोठ्या कंपनीला दिली. जो माल बिल्डर स्वतःकडे ठेवतो आणि जो माल तो तुमच्या गळ्यात मारतो, त्यात फरक असतो. हे मीरा रोडला दुकान घेतलेल्या कोणालाही मी वेगळं सांगायला नको.

आता हिशोब. २५० फुटांत चालायची वाट सोडून, यूपीएस धरून, पाच रॅक बसतात असं समजू. एका रॅकला ६ किलोवॅट, म्हणजे सर्व्हरचे झाले ३० किलोवॅट. एसी, यूपीएसमधली गळती, दिवे हे वरचं. आपल्या हवेत लहान सेटअपला सर्व्हरच्या विजेच्या दीडपट-पावणेदोनपट वीज लागते. १.६ पट धरा, ४८ किलोवॅट. चोवीस तास, तीस दिवस. म्हणजे महिन्याला ३४,५६० युनिट. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये पकडले तर बिल होतं ४ लाख १४ हजार ७२० रुपये.

आता दुसऱ्या बाजूला दादांचं भाडं लिहा. ३५ लाखांचे ९ टक्के भागिले बारा. महिन्याला २६,२५० रुपये.

लाईट बिल भाड्याच्या जवळजवळ सोळा पट आहे. मित्रांनो, इथे दोन मिनिटं थांबा. या धंद्यात जागा हा सगळ्यात स्वस्त भाग आहे. तुम्ही ज्याचे मालक होणार, तो सगळ्यात स्वस्त भाग. तुमचे २६ हजार कधी येतील? जेव्हा कोणीतरी ऑपरेटर दर महिन्याला चार लाखांची वीज भरेल, तीन पाळ्यांची माणसं ठेवेल (सुट्ट्या धरून चार-पाच जण लागतातच), डिझेल भरेल, दर काही वर्षांनी बॅटऱ्या बदलेल, आणि एवढं करून त्याच्याकडे गिऱ्हाईक टिकेल. पाच रॅकवर लक्ष ठेवायला जेवढी माणसं लागतात, तेवढीच पन्नास रॅकवरही पुरतात. म्हणून मोठ्या सेंटरचा दर लहान सेंटरला परवडत नाही. खात्री करायची तर महापे-रबाळेच्या दोन सेंटरकडून एका रॅकचं कोटेशन मागवा, बहुतेक ठिकाणी महिन्याला किलोवॅटमागे भाव सांगतात, आणि ब्रोकरने सांगितलेल्या भावाशेजारी ठेवा.

यावर ब्रोकरचं उत्तर ठरलेलं असतं. “सर, हे एज डेटा सेंटर आहे. गिऱ्हाइकाच्या जवळ. स्पीड जास्त.” एज म्हणजे काठावरचं, म्हणजे वापरणाऱ्याच्या गावातच असलेलं. ही कल्पना चांगली आहे, पण ती कुठे चालते ते बघा. रेलटेल या रेल्वेच्या कंपनीने देशात १०२ ठिकाणी अशी लहान केंद्रं काढायची योजना २०२२ मध्ये जाहीर केली. सुरुवातीला एका ठिकाणी पाच-दहा रॅक, लहान शहरांत, रेल्वेच्या स्वतःच्या जागेत. नांदेड किंवा रत्नागिरीहून मुंबईपर्यंत जाऊन परत येण्यापेक्षा गावात काम झालं तर फायदा आहे.

मीरा रोडचं काय? समुद्राखालून येणाऱ्या केबल वर्सोव्याला किनाऱ्यावर येतात आणि ऐरोली-रबाळे-महापेचा पट्टा देशातला डेटा सेंटरचा मोठा अड्डा आहे. दोन्ही आपल्याला रिक्षा-बसच्या अंतरावर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. इथून महापेपर्यंत वळसे घेत ५० किलोमीटर केबल धरली तरी जाऊन-येऊन अर्धा मिलिसेकंद. डोळ्याची पापणी लवायला शंभरावर मिलिसेकंद लागतात. तुमच्या इमारतीखाली सर्व्हर ठेवून वाचणारा हा अर्धा मिलिसेकंद विकत कोण घेणार, हे ब्रोकरला नाव-पत्त्यासह विचारा.

गंमत म्हणजे खरं ‘एज’ मीरा रोडला कधीच आलंय. तुमचा केबलवाला, म्हणजे लोकल इंटरनेटवाला, ज्या गाळ्यात त्याची मशिनं ठेवतो, तेच ते. नेटफ्लिक्स आणि गुगल आपले व्हिडिओ साठवणारे डबे ज्या इंटरनेट कंपन्यांकडे पुरेसं ट्रॅफिक आहे त्यांच्याकडे बसवून देतात, नेटफ्लिक्स तर फुकट देतं. म्हणजे जवळ ठेवायची जी गोष्ट होती ती इंटरनेटवाल्याच्या साखळीत आधीच बसली आहे, आणि त्यासाठी कोणी ३५ लाखांचं युनिट विकलेलं नाही.

आता जागेकडे येऊ. हा भाग व्हिडिओत घाईत गेला आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

भरलेला एक रॅक हजार किलोपर्यंत जातो. तो उभा राहतो दोन फूट बाय चार फुटांच्या जागेवर. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून डिझाईन करतात. रॅकखाली तो होतो चौरस मीटरला १,३००-१,४०० किलो. बॅटऱ्यांचा स्टँड त्याहून जड असू शकतो. म्हणून बिल्डर काय करतो? तळमजला देतो. जमिनीवर वजनाची चिंता नाही.

आणि तळमजल्यावर, मीरा-भाईंदरमध्ये, जुलैत काय होतं? एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि खाडीची मिठागरं, मागे नॅशनल पार्कचा डोंगर. भरती आणि मोठा पाऊस एकत्र आला की पाणी जायला वाट नाही. २६ जुलै २००५ सोडून द्या, तो अपवाद म्हणू. पण साध्या जोरदार पावसातही किती दुकानांच्या शटरला पाणी लागतं हे तुम्ही बघताच. मी माझ्या दुकानात यूपीएस जमिनीवर ठेवत नाही. भिंतीला अँगल मारून छातीच्या उंचीवर ठेवलाय, गिऱ्हाईक हसतं, हसू दे.

म्हणजे वजन म्हणतं खाली ठेवा, पाणी म्हणतं वर ठेवा. यातून मार्ग आहे, पोडियमवर खास मजबूत स्लॅब घालता येतो. पण तो नकाशा काढतानाच ठरवावा लागतो. इमारत उभी झाल्यावर ‘रेडी’ म्हणून बोर्ड लावून होत नाही.

वर ठेवलं तरी सुटका नसते. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सँडी वादळाचं पाणी घुसलं. ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत एका होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर होतं, जनरेटर वर १७ व्या मजल्यावर, सुरक्षित. पण डिझेल वर चढवणारे पंप तळघरात होते. ते बुडाले. मग कर्मचारी आणि काही गिऱ्हाइकं रांग लावून बादल्यांनी डिझेल जिन्याने १७ मजले वर नेत राहिली. म्हणून नुसतं ‘जनरेटर कुठे आहे’ विचारू नका. डिझेलची टाकी, पंप, मीटर रूम, इमारतीत येणारी मेन केबल, हे सगळं कोणत्या मजल्यावर आहे ते विचारा. यातली एक गोष्ट पाण्यात गेली की बाकीच्या कोरड्या राहून उपयोग नाही.

खारी हवा हा वेगळाच खर्च. भाईंदर पश्चिमेला एसी रिपेअरिंग करणाऱ्याला विचारा आउटडोअरच्या कॉइलचं काय होतं. परदेशात डेटा सेंटरची उष्णता विकतात, इंग्लंडमध्ये एक्समथ गावी २०२३ मध्ये वॉशिंग मशीनएवढ्या डेटा सेंटरवर तरण तलावाचं पाणी गरम करायला लागले. ब्रोशरमध्ये असा फोटो दिसला तर फसू नका. मीरा रोडला गरम हवा कोणी विकत घेत नाही, ती बाहेर टाकायलाच पैसे लागतात. शिवाय ती टाकायची कुठे? शेजारच्या बेडरूमच्या खिडकीसमोर. राहत्या भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि हे पंखे रात्री थांबत नाहीत. तक्रार पहिल्याच महिन्यात येणार.

आगीचं तर बोलायलाच नको. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीला आग लागली आणि सहाशेहून जास्त सरकारी सेवा बंद पडल्या. ती तर स्वतंत्र सरकारी इमारत होती. तुमच्या डोक्यावर वीस मजले माणसं झोपलेली असतील.

कागदपत्रांचं भराभर सांगतो. ‘इन्फ्रास्ट्रक्चरचा दर्जा आहे, लोन स्वस्त मिळेल’ असं कोणी म्हणालं तर त्याला २०२२ ची अधिसूचना वाचायला सांगा. तो दर्जा किमान ५ मेगावॅट सर्व्हर-क्षमतेच्या स्वतंत्र डेटा सेंटर इमारतीला आहे. आपलं उदाहरण ३० किलोवॅटचं. ५ मेगावॅट म्हणजे ५,००० किलोवॅट. दुसरं, स्टिल्ट पार्किंगची जागा बंद करून त्यात डेटा सेंटर करायचा घाट असेल तर दूर राहा. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितलं की स्टिल्ट पार्किंग ही सामाईक जागा आहे, बिल्डर ती वेगळी विकू शकत नाही. ही सोसायटी आपल्या शेजारची, दहिसर पूर्वची. तिसरं, प्रोजेक्ट चालू असताना मंजूर नकाशात बदल करून हे घुसवायचं असेल तर रेराप्रमाणे दोनतृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. महारेराच्या साईटवर नकाशा उघडा आणि त्या जागेवर काय लिहिलंय ते वाचा. पार्किंग लिहिलं असेल तर विषय संपला. चौथं, अनेकांचे पैसे गोळा करून भाड्याची मालमत्ता घ्यायची आणि भाडं वाटायचं असेल तर त्यासाठी सेबीने मार्च २०२४ मध्ये स्मॉल अँड मीडियम रीटचे नियम आणलेत. किमान ५० कोटींची मालमत्ता, एका माणसाची किमान १० लाखांची गुंतवणूक. ज्यांची स्कीम खरंच चांगली आहे त्यांना या दारातून यायला काय हरकत आहे?

मग काय, या विषयाकडे पाठ फिरवायची? अजिबात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की यात जागेचा मालक होऊन आपल्यासारख्याला पैसा नाही, काम करून आहे. वीजवाला, एसीवाला, फायबर जोडणारा, बॅटरीवाला, आग विझवायची यंत्रणा तपासणारा. महाराष्ट्र अग्निशमन कायद्याप्रमाणे इमारतीच्या मालकाला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं ‘बी फॉर्म’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणजे वर्षात दोनदा ठरलेलं काम. घोडबंदर रोडने ठाणे ओलांडलं की ऐरोलीपासून महापेपर्यंत गिऱ्हाईक बसलंय. थेट काम मिळणार नाही, देखभालीचा ठेका घेतलेल्या कंपनीच्या हाताखाली सुरुवात करावी लागेल. विद्युत ठेकेदाराचं सरकारी लायसन्स, उद्यम नोंदणी आणि माणसांचा विमा या तीन गोष्टी आधी करा. उद्यममध्ये सूक्ष्म किंवा लघु सेवा उद्योग म्हणून नोंद असेल तर पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन समोरच्यावर येतं. बिलावर उद्यम नंबर छापा. उंदीर पकडणाऱ्यालाही तिथे काम आहे, हे मी मस्करीत म्हणत नाही. केबल कुरतडली तर रॅक बंद.

आणि मीरा-भाईंदरमध्येच जे लहान डेटा सेंटर खरंच चालेल ते वेगळं आहे. एक उदाहरण घ्या. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये ६४ कॅमेरे आहेत, प्रत्येकी ४ एमबीपीएस. तीस दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवायचं तर साधारण ८३ टीबी जागा लागते. आज हे सगळं वॉचमनच्या केबिनमध्ये, टेबलाखाली, चहाच्या कपाशेजारी पडलेलं असतं. त्याच कॉम्प्लेक्समध्ये लिफ्टचे कंट्रोल, गेटचा डेटा, दोन-तीन इंटरनेटवाल्यांचे डबे, खाली एखाद्या डॉक्टरचे एक्स-रे, एखाद्या सीएचा टॅलीचा सर्व्हर. या सगळ्यांना मिळून एक कुलूपबंद रॅक, चांगला यूपीएस, दोन एसी आळीपाळीने, नीट अर्थिंग आणि रोज रात्री दुसरी प्रत मोठ्या डेटा सेंटरमध्ये. एवढंच लागतं. सीए आणि डॉक्टरला आता लोकांच्या माहितीची काळजी घेणं भागच आहे. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. त्यांना भीती दाखवून काम घेऊ नका, पण त्यांनी विचारलं तर तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

बिल्डरने यात काय करावं याबद्दलही माझं मत आहे. इमारतीचा नकाशा काढतानाच पोडियमवर १०० फुटांची एक खोली सोडावी. खाली मजबूत स्लॅब, स्वतंत्र मीटर, रस्त्याच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी फायबर यायला रिकामे पाईप, आउटडोअर युनिटसाठी घरांच्या खिडक्यांपासून लांबची जागा. ही खोली सोसायटीच्या नावावर राहावी. बांधकाम चालू असताना याचा खर्च किरकोळ आहे, नंतर तोडफोड करून करायला गेलात तर जीव जातो. इथे आपल्याला एक सोय अशी की अदानी आणि टाटा, वीज वाटणाऱ्या दोन कंपन्या आहेत, तेव्हा दर आणि सेवा दोघांचीही विचारता येते. मोबाईल टॉवरच्या वेळी सोसायट्यांनी गच्ची आधी दिली आणि करार नंतर वाचला. या वेळी सर्वसाधारण सभेचा ठराव आधी करा, वीज कोण भरणार, आवाज किती, आग लागली तर विमा कोणाचा, हे त्यात लिहा, आणि मग देखभालीचं काम वर्षाच्या कराराने एखाद्या स्थानिक पोरा-पोरीला द्या. ती पोरं तुम्ही असाल तर मला आनंदच आहे. आर्किटेक्टकडे जाऊन हीच कल्पना मांडायला ३५ लाख लागत नाहीत.

दादांचं सांगायचं राहिलं. त्यांनी ब्रोकरला फोन करून तीन कागद मागितले. मंजूर विजेच्या भाराचं पत्र, ऑपरेटर कंपनीशी झालेला करार, आणि महारेराला दिलेल्या नकाशाची प्रत. “उद्या पाठवतो” म्हणाला. तीन आठवडे झाले. गाळा अजून दादांच्याच नावावर आहे आणि दिवाळीच्या भांड्यांची ऑर्डर आली आहे.

पुढच्या शनिवारी सोसायटीच्या सर्व्हर रूमचं वर्षाचं कोटेशन कसं बनवायचं ते बोर्डवर लिहून दाखवतो. आपल्या सोसायटीत किती कॅमेरे आहेत आणि त्यांचं मशीन कोणत्या मजल्यावर आहे, एवढं बघून या.